पुस्तकी मूल्याच्या दोन तृतीयांश भावात मिळणारी बँक खरोखर स्वस्त असते का?

निपाणीच्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांच्याकडे कर्नाटक बँकेचे सहाशे शेअर असून सरासरी खरेदी सव्वादोनशे रुपयांच्या घरातली आहे. प्रत्येक शेअरमागे पुस्तकी मूल्य तीनशेच्या पुढे, बाजारातला भाव मात्र त्यांनी विचारले तेव्हा दोनशेच्या आसपास. कोल्हापूरच्या आरबीएल बँकेत दुबईच्या एमिरेट्स एनबीडी बँकेने ६० टक्के वाटा घेण्याचा करार ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केल्यापासून त्यांच्या परिचयातील मंडळी एकच गोष्ट सांगत आहेत: आता पाळी कर्नाटक बँकेची, तिला प्रवर्तक (मोठा वाटा असलेला संस्थापक-मालक) नाहीच, कोणीतरी घेणारच, आणि घेईल तेव्हा पुस्तकी मूल्याइतके तरी पदरात पडेल. दुसरीकडे जून २०२५ अखेरीस बँकेच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांनी दिलेल्या राजीनाम्यांमुळे त्यांच्या मनात धास्ती आहे. त्याच बँकेत त्यांची आठ लाखांची मुदत ठेवही आहे. शेअर ठेवावेत, वाढवावेत की विकावेत, असा त्यांचा प्रश्न आहे.

आधी माझी बाजू सांगतो. मी सनदी लेखापाल आहे आणि उमेदीची बहुतेक वर्षे सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सीमाभागातल्या बँक शाखांच्या लेखापरीक्षणात गेली. सेबीकडे नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार मी नाही आणि या बँकेचा एकही शेअर माझ्याकडे नाही. पुढचे विवेचन प्रामुख्याने मार्च २०२५ च्या ताळेबंदावर आधारलेले आहे.

पुस्तकी मूल्य हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तिजोरीत ठेवलेली काहीतरी ठोस वस्तू येते. साखर कारखान्याचे पुस्तकी मूल्य म्हटले की जमीन, बॉयलर, गोदामातली पोती असे काही दाखवता तरी येते. बँकेचे तसे नसते. कर्नाटक बँकेकडे मार्च २०२५ अखेर लोकांच्या ठेवी होत्या एक लाख कोटींहून थोड्या अधिक, दिलेली कर्जे सुमारे ७८,००० कोटींची आणि भागधारकांचा स्वतःचा पैसा, म्हणजे भांडवल अधिक राखीव निधी, साधारण १२,००० कोटी. या शेवटच्या आकड्याला सुमारे ३७.८ कोटी शेअरनी भागले की आपले तीनशेच्या पुढचे पुस्तकी मूल्य निघते. आता कर्जांपैकी फक्त एक टक्का रक्कम, आज चांगली म्हणून धरलेली, उद्या पूर्ण बुडाली असे समजा. ते ७८० कोटी होतात, आणि कराचा हिशेब बाजूला ठेवला तर भागधारकांच्या पैशातले साडेसहा टक्के गेले. बँकेच्या शेअरमध्ये ही पटींची करामत दोन्ही बाजूंनी चालते. ती विसरून पुस्तकी मूल्याकडे पाहणे म्हणजे गहाणखत न वाचता घराची किंमत सांगण्यासारखे आहे.

आणि ती कर्जे चांगली आहेत हे ठरवतो कोण? याचे उत्तर मी एका शाखेच्या उदाहरणाने देतो. बँकेचे नाव घेत नाही, ती कोणती याला इथे महत्त्वही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, एप्रिलचा पहिला आठवडा, आणि समोर एका गूळ व्यापाऱ्याचे साठ लाख मर्यादेचे कॅश क्रेडिट खाते, म्हणजे मर्यादेपर्यंत हवी तेव्हा उचल करता येणारे कर्जखाते. वर्षभर खाते मर्यादेला टेकलेले, व्याजसुद्धा वेळेवर भरलेले नाही. मात्र ३० मार्चला २९ लाख जमा झालेले आणि ३ एप्रिलला जवळजवळ तेवढीच उचल. जमा कुठून आली हे पाहिले तर त्याच शाखेत, त्याच आठवड्यात, व्यापाऱ्याच्या धाकट्या भावाच्या नावाने नवे कर्ज मंजूर झाले होते. बँकेला दिलेले मालसाठ्याचे पत्रक (स्टॉक स्टेटमेंट) काढले, तर लागोपाठ तीन महिने गुळाच्या रव्यांची (ढेपांची) संख्या एकच, एका रव्याचाही फरक नाही. गोदाम पाहायला गेलो. दार उघडल्यावर आधी गुळाचा वास आला, पण गूळ नव्हता. एका कोपऱ्यात बारदानाची थप्पी आणि भिंतीला टेकवलेला वजनकाटा. शाखाधिकारी सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, "साहेब, माणूस चांगला आहे, पुढच्या हंगामात खाते सरळ होईल." तसे झालेही असते कदाचित. पण नव्वद दिवसांची थकबाकी झाली की खाते अनुत्पादक (एनपीए) धरायचे हा नियम २००४ पासून आहे आणि भावाच्या नावाने कर्ज काढून भरलेला हप्ता हा हप्ता नव्हे. आम्ही एमओसी (शाखेच्या हिशेबात बदल करायला लावणारा लेखापरीक्षकाचा कागद) काढला, खाते अनुत्पादक ठरले, त्यावर १५ टक्क्यांप्रमाणे तरतूद लागली, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढावी लागली, आणि शाखेचा त्या वर्षीचा नफा नऊ लाखांनी घटला.

हे एक खाते झाले. बँकेच्या पुस्तकी मूल्यामागे अशा लाखो खात्यांबद्दल कोणीतरी घेतलेले निर्णय असतात; काही चोख, काही दयेपोटी घेतलेले, काही वरून दडपण आले म्हणून. लेखापरीक्षकाला त्यातली थोडी तपासायला मिळतात. म्हणून रिझर्व्ह बँकेचे निरीक्षक स्वतंत्रपणे खाती तपासतात, आणि त्यांनी काढलेला अनुत्पादक कर्जांचा आकडा बँकेच्या आकड्यापेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे जास्त निघाला तर तो फरक बँकेला आपल्या वार्षिक अहवालात जाहीर करावा लागतो. हिशेबांवरील टिपांमधली ही लहानशी जागा फारसे कोणी वाचत नाही. माझ्या दृष्टीने अध्यक्षांच्या रंगीत छायाचित्रासह छापलेल्या मनोगतापेक्षा ती अधिक बोलकी असते.

कर्नाटक बँकेची ढोबळ अनुत्पादक कर्जे मार्च २०२५ अखेर तीन टक्क्यांच्या जरा वर होती आणि तरतुदी वजा जाता निव्वळ प्रमाण सुमारे १.३ टक्के. निव्वळ रक्कम साधारण हजार कोटी धरली आणि ती सगळीच बुडाली असे मानले, तर शेअरमागे सव्वीस-सत्तावीस रुपये कमी होतात. म्हणजे अगदी कडक हिशेबानेही पुस्तकी मूल्य तीनशेच्या जरा खाली येते, दोनशेवर नाही. मग बाजार दोनशेच का देतो?

याचे अर्धे अधिक उत्तर बुडीत कर्जांत नसून परताव्यात आहे, आणि गुंतवणूकदारांच्या गप्पांत नेमका हाच भाग सुटतो. २०२४-२५ मध्ये बँकेला सुमारे १,२७२ कोटींचा नफा झाला. आदल्या वर्षी तो १,३०६ कोटी होता. बारा हजार कोटींच्या आसपास स्वतःचा पैसा वापरून पावणेतेराशे कोटी मिळवणे म्हणजे साडेदहा-अकरा टक्क्यांचा परतावा. तेव्हा बिनजोखमीच्या ठेवीवर सात टक्क्यांच्या आसपास मिळत असताना बँकेच्या शेअरची जोखीम घेणारा माणूस तेरा-चौदा टक्क्यांची तरी अपेक्षा धरतो. जो शंभर रुपयांवर अकराच रुपये मिळवून देतो, त्याच्या शंभर रुपयांना चौदा टक्के मागणारा माणूस ऐंशीच्या आतच किंमत लावणार. त्यात भर म्हणजे वर्षभरात नफा वाढण्याऐवजी थोडा घटलेला. ऐंशीवरून खाली पासष्टपर्यंत जो भाव घसरतो तो संशयाचा, आणि त्या संशयाला जून महिन्याने खतपाणी घातले. तेव्हा पुस्तकी मूल्याच्या दोन तृतीयांश भाव ही बाजाराची घोडचूक आहे असे गृहीत धरू नका. ती थोडी जास्तीची कंजुषी असू शकेल, एवढेच.

भांडवलाचाही एक हिशेब आपल्या लक्षात आणून देतो. २०२३-२४ मध्ये बँकेने दीड हजार कोटींचे नवे भांडवल उभारले. त्यातले मोठे वाटप विमा कंपन्या आणि म्युच्युअल फंडांना २३९ रुपये ५२ पैशांनी झाले आणि मार्च २०२४ मधले संस्थात्मक वाटप २२७ रुपयांनी. दोन्ही भाव त्या वेळच्या पुस्तकी मूल्याच्या खाली होते. म्हणजे ज्यांच्याकडे आधीपासून शेअर होते त्यांचा वाटा थोडा पातळ झाला. आपली खरेदी सव्वादोनशेची, म्हणजे मोठमोठ्या संस्थांनी पैसे घातले त्याच भावाच्या आसपासची आहे. त्यात आपली काही चूक झाली असे मी म्हणणार नाही. पण "इतक्या मोठ्या संस्था घेतात म्हणजे भाव वर जाणारच" हा युक्तिवाद किती दिवस टिकला तेही आपण पाहत आहात.

आता मूळ आशेकडे येतो: कोणीतरी घेईल. बँक विकली जाते तेव्हा छोट्या भागधारकाच्या हाती काय येते, हे तिचे नाव, वय किंवा शाखांची संख्या पाहून ठरत नाही. ती टेबलाशी चालत येऊन बसली की तिला स्ट्रेचरवरून आणले, यावर ते ठरते. बँकिंग नियमन कायद्यात यासाठी दोन वेगळे दरवाजे आहेत. कलम ४४अ प्रमाणे दोन्ही बँकांचे भागधारक मतदान करतात, दोन तृतीयांश मूल्याचे बहुमत लागते, आणि विरोधात मत देणाऱ्याला आपल्या शेअरचे मूल्य रिझर्व्ह बँकेकडून ठरवून घेण्याचा हक्क असतो. कलम ४५ चा दरवाजा वेगळा आहे. तिथे बहुधा आधी व्यवहारांवर स्थगिती येते, मग रिझर्व्ह बँक योजना तयार करते आणि सरकार ती मंजूर करते. भागधारकांचे मतदान होत नाही.

आपल्याच भागातली उदाहरणे घ्या. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत तिचे शेअर होते, कित्येकांकडे वडिलांच्या नावाची कागदी प्रमाणपत्रे. भांडवल खंगत गेले आणि २ सप्टेंबर २००६ रोजी स्थगिती आली, खात्यातून दहा हजारांवर रक्कम काढता येईना. मात्र तिच्या शाखांचे जाळे मोलाचे होते, ती घ्यायला अनेक बँका पुढे आल्या, आणि महिन्याभरात, ३ ऑक्टोबरला, ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. कलम ४५ च्या दारातून जाऊनही हातात काही पडले, ते निव्वळ मागणी होती म्हणून. पण रोख मिळाल्यामुळे तिथेच विषय संपला. पुढे बँकिंगला जे चांगले दिवस आले त्यात त्या भागधारकांचा वाटा राहिला नाही.

सांगली बँक तिच्याहून जुनी, १९१६ ची, आणि तब्येतीने तीही धड नव्हती. पण तिच्या संचालकांनी स्थगितीची वाट पाहिली नाही. वाटाघाटी करून एप्रिल २००७ मध्ये ती आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली आणि ९२५ शेअरमागे आयसीआयसीआयचे शंभर शेअर मिळाले. ज्यांनी ते कपाटात ठेवून दिले त्यांच्या नातवंडांना आज त्याचे मोल कळते आहे. दोन्ही बँका कृष्णाकाठच्या, एकाच काळातल्या, सारख्याच दुखण्याच्या. फरक पडला तो केवळ सात महिन्यांच्या अंतराचा नव्हता, कोणत्या दारातून बाहेर पडल्या त्याचा होता.

तिसरे उदाहरण तामिळनाडूतल्या करूरचे आहे आणि मी ते प्रत्येक अशिलाला सांगतो. लक्ष्मी विलास बँक १९२६ ची. २०१७ च्या अखेरीस आणि २०१८ च्या सुरुवातीला तिने आपल्याच भागधारकांना १२२ रुपये दराने राइट्स शेअर दिले आणि लोकांनी पैसे भरले, कारण तेव्हाही "बाजारापेक्षा स्वस्तात मिळतो" हाच हिशेब होता. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले. सप्टेंबर २०२० च्या वार्षिक सभेत भागधारकांनी व्यवस्थापकीय संचालकांसह सात संचालकांना मतदानाने घरी पाठवले. छोट्या भागधारकांच्या ताकदीचे कौतुक त्या वेळी वर्तमानपत्रांत बरेच झाले. १७ नोव्हेंबरला स्थगिती आली. त्यानंतर रोज लोअर सर्किट, म्हणजे भाव एका दिवसात पडू शकतो तेवढा पडून व्यवहार थांबलेले, विकायला हजारो आणि घ्यायला कोणी नाही. २७ नोव्हेंबरला बँक सिंगापूरच्या डीबीएसच्या भारतीय उपकंपनीत विलीन झाली आणि संपूर्ण भागभांडवल शून्य झाले. ज्याने १२२ भरले त्यालाही शून्य, ज्याने आदल्या आठवड्यात पंधराला घेतले त्यालाही शून्य. ठेवीदाराचा मात्र एक पैसा गेला नाही. ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या भागधारकांची गत २००४ मध्ये अशीच झाली होती.

याच्या उलट, धडधाकट असताना विकली गेलेली बँक कशी असते ते पाहायचे तर बंगळुरूच्या आयएनजी वैश्य बँकेकडे पाहा. एप्रिल २०१५ मध्ये ती कोटक महिंद्र बँकेत गेली, हजार शेअरमागे कोटकचे ७२५. तिला कोणी ओढत नेले नव्हते.

या रांगेत कर्नाटक बँक कुठे बसते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ती लक्ष्मी विलास नाही. तिचे भांडवल पर्याप्तता प्रमाण, म्हणजे कर्जांच्या जोखमीच्या तुलनेत हाताशी असलेले भांडवल, मार्च २०२५ मध्ये वीस टक्क्यांच्या जवळ होते. किमान गरज राखीव थरासह साडेअकरा टक्क्यांची असते. दरवर्षी नफा होतो, लाभांश मिळतो. उलट माझी तक्रार अशी की भांडवल एवढे असताना ठेवींच्या पाऊण हिस्स्याच्या आतच कर्जे दिलेली आहेत. पैसा आहे, पण तो पुरेसा राबत नाही, आणि म्हणूनच परतावा अकरा टक्क्यांवर अडला आहे. बुडण्याची भीती नाही, रेंगाळण्याची आहे. बाजार रेंगाळणाऱ्यालाही पूर्ण किंमत देत नाही, आणि रेंगाळणे वर्षानुवर्षे चालू शकते.

"प्रवर्तक नाही म्हणून घेणे सोपे" हा तर्क मला उलटा वाटतो. प्रवर्तक असला तर एका माणसाशी बोलणी करून मोठा गठ्ठा विकत घेता येतो. इथे मालकी लाखो भागधारकांत विखुरलेली आहे. पाच टक्के किंवा त्याहून अधिक वाटा घ्यायचा तर रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी हवी, आणि कितीही शेअर घेतले तरी मतदान सव्वीस टक्क्यांपुरतेच धरले जाते. शिवाय ही बँक १८ फेब्रुवारी १९२४ रोजी मंगळुरूत सुरू झाली. तिचे ठेवीदार, कर्मचारी आणि भागधारक यांची त्या किनारपट्टीशी घट्ट नाळ आहे. त्या एका प्रदेशाने कॅनरा, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, विजया अशा बँका देशाला दिल्या. विजया २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, सिंडिकेट आणि कॉर्पोरेशन २०२० मध्ये अनुक्रमे कॅनरा आणि युनियन बँकेत. सिंडिकेटच्या हजार शेअरमागे कॅनराचे १५८ मिळाले. आपल्या भागातल्या बँकांची पाटी उतरताना पाहिलेला तिथला भागधारक शेवटच्या खासगी बँकेच्या विलीनीकरणाला सहज हात वर करील, असे मला वाटत नाही.

आरबीएलचे उदाहरण मंडळी देतात ते पूर्ण वाचायला हवे. एमिरेट्स एनबीडीने शेअरमागे २८० रुपये देऊ केले, एकूण सुमारे २६,८५० कोटी. पण हा पैसा भागधारकांच्या खिशात जात नाही. नवे शेअर निर्माण होऊन तो बँकेत जातो. जुन्या भागधारकासाठी आहे तो खुला देकार (ओपन ऑफर), म्हणजे आपले शेअर घेणाऱ्याला विकण्याची संधी, तीही जास्तीत जास्त २६ टक्के शेअरपुरती. आणि २८० या आकड्याकडे पाहताना हेही आठवा की याच बँकेचे शेअर ऑगस्ट २०१६ मध्ये प्रथम विक्रीच्या वेळी २२५ रुपयांना दिले गेले होते. नऊ वर्षांत २२५ चे २८०. मधल्या काळात शेअर बराच वर जाऊन नंतर शंभराच्या खालीही आला. केरळच्या कॅथलिक सिरियन बँकेत कॅनडाच्या फेअरफॅक्सने २०१८ मध्ये ५१ टक्क्यांसाठी शेअरमागे १४० रुपये मोजले, तेही असेच बँकेत घातलेले भांडवल होते. घेणारा आला की जुन्या भागधारकाला तत्काळ मोबदला मिळतो, ही समजूत इथे टिकत नाही. मिळते ती नव्या मालकाच्या हाताखाली बँक सुधारण्याची शक्यता.

राजीनाम्यांबद्दल आपण विशेष विचारले आहे. मार्च २०२५ च्या हिशेबांवर लेखापरीक्षकांनी नोंद केली की पूर्णवेळ संचालकांच्या अधिकारमर्यादेबाहेर १.५३ कोटी रुपये खर्च झाले, संचालक मंडळाने त्याला मान्यता दिली नाही आणि ती रक्कम संबंधित संचालकांकडून वसूल व्हावी. पुढे जूनच्या अखेरीस व्यवस्थापकीय संचालक आणि कार्यकारी संचालक दोघांचे राजीनामे जाहीर झाले. कारणे वैयक्तिक सांगण्यात आली. पावणेतेराशे कोटी मिळवणाऱ्या बँकेत दीड कोटी ही रक्कम म्हणून काहीच नाही. लेखापरीक्षकाने ती दडपली नाही याचे मला, व्यवसायबंधू म्हणून, समाधानच वाटते. अडचण वेगळी आहे. एवढ्या रकमेचा प्रश्न बंद दाराआड मंडळाच्या एका बैठकीत सुटायला हवा होता. तो छापील अहवालापर्यंत आला याचा अर्थ मंडळ आणि व्यवस्थापन यांच्यातला संवाद आधीच तुटलेला असणार. बँकेने नंतर आपल्याच जुन्या, मुरलेल्या अधिकाऱ्याकडे सूत्रे दिली. त्याने घर शांत होते, ठेवीदार स्थिर राहतात. पण अकरा टक्क्यांचा परतावा तेरावर नेण्यासाठी जी घुसळण लागते ती त्यातून होईल का, हे पुढच्या चार-सहा तिमाहींत दिसेल.

तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे. भाव खाली आला एवढ्याच कारणासाठी आणखी शेअर घेऊ नका. सरासरी कमी करण्याच्या नादात एकाच बँकेतले ओझे वाढते आणि आपल्या वयाला ते झेपणारे नाही. आहेत त्या सहाशे शेअरची किंमत दोनशेच्या आसपासच्या भावाने सव्वा लाखाच्या आत येते. आपल्या एकूण आर्थिक शिल्लकीत हा हिस्सा वीसातला एक असेल तर ठेवा. शेअरमागे पाच रुपये लाभांशाने २०२४-२५ चे तीन हजार मिळालेच आहेत, ते काही मोठे उत्पन्न नव्हे, पण थांबण्याचे भाडे म्हणून चालेल. हिस्सा त्याहून बराच मोठा असेल तर अर्धे विकून टाका आणि खरेदीभाव येण्याची वाट पाहू नका, कारण आपण कितीला घेतले हे बाजाराला माहीत नसते. विलीनीकरणाच्या आशेवर मात्र एकही शेअर ठेवू नका. ते झाले तर देवाने दिले म्हणायचे.

ठेवणार असाल तर दर तिमाहीला तीन आकडे वहीत लिहीत जा. नव्याने अनुत्पादक झालेली कर्जे किती आणि जुन्यांतली वसुली किती. चालू व बचत खात्यांचा एकूण ठेवींतला वाटा, जो मार्च २०२५ मध्ये बत्तीस टक्क्यांच्या जवळ होता आणि स्वस्त पैसा किती उरला ते दाखवतो. आणि स्वतःच्या पैशावरचा वार्षिक परतावा. पहिला आकडा लागोपाठ दोन-तीन तिमाही वसुलीच्या पुढे पळू लागला तर मंडळी काय म्हणतात याची वाट न पाहता बाहेर पडा. स्थगिती शुक्रवारी संध्याकाळी येते की मंगळवारी, हे आधी कोणी सांगत नाही. आकडे मात्र वर्ष-दीड वर्ष आधीपासून कुजबुजत असतात. लक्ष्मी विलासचेही कुजबुजत होते.

ठेवीचा प्रश्न वेगळा आहे, तो शेअरच्या भीतीत मिसळू नका. ठेव विमा फेब्रुवारी २०२० पासून एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांचा आहे. आपले तीन लाख त्याच्या बाहेर आहेत. वर सांगितलेल्या सक्तीच्या विलीनीकरणांत ठेवीदारांचे पैसे शाबूत राहिले हे खरे, आणि ही बँक त्या अवस्थेच्या जवळपासही नाही; म्हणून दंड भरून ठेव मुदतीआधी मोडण्याचे कारण मला दिसत नाही. मुदत संपली की पाच लाखांना व्याजासकट जागा उरेल एवढी रक्कम, म्हणजे साडेचार लाखांच्या आसपास, तिथे ठेवा आणि उरलेली दुसऱ्या बँकेत, शक्य तर पत्नीचे नाव पहिले घालून, ठेवा. शेअर आणि ठेव दोन्हींवर वारसनोंद (नामांकन) आहे का, तेही याच फेरीत पाहून घ्या. निपाणीहून डिमॅटचा अर्ज आता घरबसल्या भरता येतो. ठेवीसाठी शाखेत जावे लागलेच, तर जुनी पावती बरोबर न्या.